प्रार्थनाविनंती, कृपया गुप्त ठेवावी

लोणावळा,
११ ऑगस्ट २०२५

सोपानभाऊजी यांस,
प्रभूमध्ये सलाम.

माझं पत्र बघून सरू म्हणेल, जाऊबाईंना आज आमची आठवण कशी झाली. तसं म्हणायला तिला जागा आहे. हे गेल्यापासून चार वर्षांत मी कामशेतला दोनदा आले, दोन्ही वेळा मयतीला. फोन करून उपयोग नाही. तुम्हाला ऐकू येत नाही आणि मग सरू मधे पडून दोन्हीकडचं उलटसुलट सांगते. म्हणून लिहितेय.

भाऊजी, मला प्रार्थना शिकवा.

हसू नका. मी एकसष्ट वर्षांची आहे आणि रविवारच्या शाळेपासून प्रार्थना करत आलेय. इथे कुणाच्या घरी आजारपण असो, पोराची परीक्षा असो, पहिला फोन मला. मंगळवारच्या महिला बैठकीत सगळ्या म्हणायच्या, इंदिराताई, तुम्ही बोला. मी बोलायचे आणि बायका डोळे पुसायच्या. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. जूनपासून सगळं बंद पडलंय. डोळे मिटले की पुढे काही नाही. सवयीचे शब्द तोंडातून येतात, पण ते कुठे पोचत नाहीत हे मला बोलतानाच कळतं. बैठकीत मी घसा बसल्याचं निमित्त सांगते. सात मंगळवार माझा घसा बसलाय. एकीने काल ज्येष्ठमधाची पूड आणून दिली. ती घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुमच्याबद्दल आमच्या चर्चमध्ये काय बोलतात ते तुम्हाला ठाऊक असेल. सोपान शनिवार पाळतो, गोंड्यांची शाल पांघरतो, नाताळ सोडला, ज्यू झाला. त्या बोलण्यात मीही होते, माफ करा. पण गेल्या वर्षी तुमच्याकडच्या बाजीरावांच्या मयतीत तुम्ही कबरीपाशी उभं राहून दोन मिनिटं जे बोललात, त्यात मागणं एकही नव्हतं आणि तरी सगळे शांत झाले. ते कसं करतात, मला सांगा.

घरी बाकी ठीक. माझ्या धाकट्या बहिणीचं, आंबीच्या सारिकाचं, तुम्हाला कळलं असेलच. तिच्या सृष्टीचं ठरलेलं लग्न जूनमध्ये मोडलं. सृष्टीला लहानपणापासून फिट्सचा त्रास, हे मुलाकडच्यांना कुणीतरी कळवलं. तीन वर्षं झाली, गोळ्यांवर पोर अगदी छान आहे, तिथल्या कंपनीत क्वालिटीला काम करते. पण ऐकतो कोण. सारिकाला शेजारच्या कस्तुराबाईंचा संशय आहे. घराबाहेरच्या दोघींनीच तिच्या फिट्स पाहिलेल्या, एक त्या आणि एक मी.

त्या दुःखानेच मन लागत नसेल. दुसरं काय असणार.

तुमची वहिनी,
इंदिरा

*

कामशेत,
१८ ऑगस्ट

इंदिरावहिनींना,
शालोम. तुमी सलाम धाडला, आमी शालोम धाडतो, माल एकच हाय.

तुमचं पत्र सरूनं आदी वाचलं, मंग मला दिलं. ती म्हंती, जाऊबाई नर्स हुत्या, मोठ्या मोठ्या डाक्टरांच्या हाताखाली काम केलं, त्यांना तुमी काय शिकवनार, तुमाला भाकरी करपलेली कळत न्हाई. खरंच हाय ते. मी रेल्वेत चावीवाला. रुळावरनं चालायचं, सैल झालेल्या चाव्या हातोड्यानं ठोकायच्या, दुसऱ्या दिशी परत त्याच रुळावरनं चालायचं. तितंच कान गेले. प्रार्थना बी मी तशीच शिकलो.

पयलं म्हंजे मी ज्यू न्हाई आन् होनार बी न्हाई. आमी रानातली फांदी, दुसऱ्याच्या झाडावर कलम केलेली. पर ज्या झाडावर बसलो त्याचं मूळ बघायला काय हरकत हाय. येशुआ, म्हंजे आपला येशू, शनवार पाळायचा, सण पाळायचा, बापजाद्यांनी शिकवलेली प्रार्थना करायचा. मंग मी बी करतो. कर्जतला आमचे एक बेने इस्राएल, म्हंजे कोकणातले ज्यू, साहेब हुते. त्यांच्या घरची रीत बघून बघून मला नाद लागला.

आता रीत ऐका. दिवसातनं तीन येळा. सकाळी, दुपारी तीनच्या सुमाराला, आन् दिवस मावळताना. उभं ऱ्हायचं, पाय जुळवून, जसं सायबापुढं उभं ऱ्हातो तसं. तोंड यरुशलेमकडं, म्हंजे पच्छिमेला. हितनं ते लोणावळ्याच्याच बाजूला येतं, तवा रोज मी तुमच्याकडं तोंड करून उभा असतो म्हना. ओठ हालले पायजेत आन् आवाज फकस्त आपल्या कानाला यावा. माझ्या कानाला यायचा म्हंजे आख्ख्या आळीला जातो. माझी कबुली शेजारचा कोंडाजी ऐकतो आन् सांजच्याला इचारतो, सोपाना, काल कुनावर खार खाल्ला हुता रं? त्यामुळं माझी पापं लय कमी झाली.

आठ दिस काय बी मागायचं न्हाई. नुसते आभार. पान्याचे, भाताचे, गुडघे चालत्यात त्याचे. मनात कुनाचं नाव आलं तर ते नाव घ्यायचं आन् गप ऱ्हायचं. सांगत बसायचं न्हाई की ह्याला असं कर, तिला तसं कर. त्याला समदं म्हाईत हाय.

ह्या अमावस्येनंतर यहुद्यांचा एलूल म्हयना लागतोय. चंद्र बघून म्हयना धरायचा असतो, पर मावळात ह्या दिसांत चंद्र दिसायचा म्हंजे ढगाची परवानगी लागती, म्हनून मी भिंतीवरचं कॅलेंडर बघतो. तितनं चाळीस दिस, प्रायश्चित्ताच्या दिसापत्तोर. औंदा त्यो दिस दसऱ्यालाच येतोय. ह्या चाळीस दिसांत आपलं कुटं काय सैल झालंय ते बघत चालायचं.

भाचीचं ऐकून वाईट वाटलं. पोरीला आमचा आशीर्वाद.

सोपान

*

लोणावळा,
४ सप्टेंबर

सोपानभाऊजींना सलाम.

तुमचे आठ दिवस मला सोळा पडले, कारण पहिल्या खेपेला तिसऱ्याच दिवशी मागून बसले. माझ्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला खिडकी नाही, कपाट आहे, आणि कपाटाला आरसा. मी आभार मानते आणि आरशातली बाई माझ्याकडे टक लावून बघते. शेवटी आरशावर टॉवेल टाकला. दुपारच्या वेळेला गल्लीतल्या मंडपात स्पीकर चालू असतो, त्यामुळे तुमच्या तीनच्या प्रार्थनेला माझा एक पाय ताल धरतो. गुडघ्यांचे आभार मात्र मी मानणार नाही. ते चालतात म्हणणं त्यांची खुशामत होईल.

तर आभार मानता येतात. मलाच नवल वाटलं. पण नाव आलं की गप राहायचं म्हणालात ना, त्या गप राहण्यात मला घाम फुटतो. मी लगेच बोलायला लागते. सृष्टीला चांगलं स्थळ दे म्हणते, पहिल्यापेक्षा चांगलं दे. मग पुन्हा सगळं कोरडं. आता मागायला सुरुवात करू का, ते कळवा.

सोमवारी आंबीला गेले होते. गौरीचा दिवस. कस्तुराबाई दर वर्षी गौरीच्या जेवणाचं ताट झाकून सारिकाकडे आणतात. आपल्याला नैवेद्याचं चालत नाही हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून देवापुढे ठेवायच्या आधीच सारिकाचं ताट बाजूला काढतात. सृष्टीच्या जन्माआधीपासून हे चालू आहे. यंदाही आल्या. सारिकाने दार अर्धंच उघडलं आणि म्हणाली, आमच्याकडे कुणी जेवणार नाही. म्हातारी ताट घेऊन तशीच उभी राहिली. एवढंच म्हणाली, "सारे, म्या काय केलं ते तरी सांग." सारिकाने दार लावून घेतलं. मी आत खुर्चीवर होते. हातात पाण्याचा पेला होता. तो संपल्यावरही मी पीतच होते.

एक विचारायचं होतं. आमच्या बैठकीतल्या एका बाईबद्दल विचारतेय. तिने प्रार्थनेसाठीच, अगदी चांगल्या मनाने, कुणाची तरी अडचण इतर बहिणींना सांगितली. म्हणजे चुगली म्हणून नाही, प्रार्थनाविनंती म्हणून. आणि ती गोष्ट पुढे गेली, त्यातून वाईट झालं. आता हे पाप धरायचं का? हेतू चांगला असला तरी? ती बिचारी फार बेचैन आहे. तिला काय सांगू?

इंदिरा

*

कामशेत,
१० सप्टेंबर

इंदिरावहिनींना शालोम.

मागायला अजून सुरुवात करू नका. पयलं त्या बाईचं बघू.

त्या बाईला सांगा, हेतू चांगला हुता हे म्हननं सोडा. जिभेच्या ह्या पापाला यहुदी लोकं लय भेतात. खोटं बोललं तरच पाप असं त्यांच्यात न्हाई. खरं बोलून मानसाला उघडं पाडलं तरी पापच. आन् आपन ख्रिस्ती लोकं ह्यात लय हुशार. बाकीची दुनिया पारावर बसून दुसऱ्याच्या घरातलं काढती, आपन डोळे मिटून काढतो. वर आमेन म्हंतो. राग आला तर येऊ द्या त्या बाईला.

मी कुटल्या तोंडानं सांगतो ते बी ऐका. वहिनी, ह्ये मी तुमच्या मालकांना बी कदी सांगितलं न्हवतं. सरूचा थोरला भाऊ दारू प्यायचा. एका उपासनेत मी साक्ष द्यायला उभा ऱ्हायलो आन् समद्या मंडळीपुढं त्याचं नाव घेऊन सांगितलं, ह्यो कसा गटारात पडला हुता, मी कसा उचलला, देवानं मला कसं वापरलं. साक्ष लय रंगली. लोकं रडली. त्यो मागच्या बाकावर बसला हुता, मला म्हाईत न्हवतं. उठून गेला. त्यानंतर नऊ वरीस जगला, माझ्याशी एक शबूद बोलला न्हाई. सरूनं मला काय म्हनलं न्हाई, पर अजून साक्षीची येळ आली का ती उठून पान्याला जाती. मला त्याची माफी मागायची ऱ्हायली ती ऱ्हायलीच. आता मागायची तर कुनाला.

तवा त्या बाईला रीत सांगा. देवाचं जे बिघडवलं ते देव माफ करतो. मानसाचं जे बिघडवलं ते त्या मानसाकडं जाऊनच मागावं लागतं. देव मधी पडत न्हाई. येशुआनं बी त्येच सांगितलं, अर्पण तितंच ठेव, आदी भावाकडं जा. ती बाई पायजे तेवढा येळ उभी ऱ्हाऊ दे, पच्छिमेला तोंड करू दे, काय पोचायचं न्हाई. एकदा जायाचं, न्हाई ऐकलं तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. आन् त्या भानगडीत दुसऱ्याच कुनावर आळ आला असंल, तर त्येचं पयलं सोडवायचं. त्यो मानूस फुकट जळत असतोय.

तुमी तिच्या शेजारी बसता, तुमी सांगा. दसऱ्याच्या आत.

सोपान

*

लोणावळा,
१६ सप्टेंबर

सोपानभाऊजी,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस मी तुमच्यावर चडफडत होते. कोण हा चावीवाला, मला शिकवतो. मग तेच पत्र पुन्हा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि स्वयंपाकघरात फरशीवर बसून रडले.

ती बाई मी आहे.

तुम्हाला एव्हाना कळलंही असेल आणि तुम्ही मुद्दाम लिहिलं असेल. नसेल कळलं तर आता कळलं. काहीच लपवत नाही आता. मे महिन्यात सृष्टीचा साखरपुडा झाला. मी आनंदात होते आणि धास्तीतही होते, की मुलाकडच्यांना हे कळल्यावर काय होईल. सारिका म्हणाली होती, ताई, आमचं आम्ही बघू, तू फक्त कुणाला बोलू नकोस. मी म्हटलं, मी कशाला बोलतेय. आणि पुढच्याच आठवड्यात आमच्या महिला ग्रुपवर मी हे टाकलं. मला पाठ आहे, लिहिते:

"प्रार्थनाविनंती. आमच्या कुटुंबातील एका मुलीसाठी. राहणार आंबी, कंपनीत क्वालिटी विभागात नोकरी. विवाह नोव्हेंबरमध्ये ठरला आहे. तिला लहानपणापासून फिट्सचा त्रास असून मुलाकडील मंडळींना अद्याप कल्पना नाही. प्रभूने सर्व सुरळीत करावे. कृपया गुप्त ठेवावी."

ग्रुपमध्ये त्र्याऐंशी बायका आहेत. त्र्याऐंशी बायकांना मी सांगितलं, गुप्त ठेवा. नाव घातलं नाही म्हणून मला वाटलं मी फार जपलं. कुणीतरी ते पुढे पाठवलं, त्यातल्या कुणीतरी आणखी पुढे. आठ दिवसांत ते चिंचवडला मुलाच्या मावशीच्या फोनवर होतं. आंबी, क्वालिटी, नोव्हेंबर, एवढं तिला पुरलं. माझं नाव मात्र त्यावर कुठेच राहिलं नव्हतं, आणि मुलाकडच्यांनी सारिकाला मेसेज न दाखवता गावातून कळलं एवढंच सांगितलं. मी ग्रुपवरून ते काढून टाकलं. कुणी विचारलं तर चुकून गेलं असं सांगायचं ठरवलं होतं. कुणी विचारलंच नाही.

भाऊजी, मी तीस वर्षं नर्स होते. कुणाचा केसपेपर नवऱ्याच्यादेखील नजरेला पडू दिला नाही. हे मला कितीदा चिडवायचे, तुझ्या पोटात अख्खं लोणावळं आहे म्हणून. आणि माझ्या मांडीवर जिचं डोकं धरून बसायचे, त्या पोरीचा कागद मी चव्हाट्यावर लावला. का लावला तेही सांगते, कारण आता तोंड उघडलंच आहे. मला खरंच काळजी होती, हे खोटं नाही. पण मला बायकांना हेही दाखवायचं होतं की इंदिराच्या घरी केवढं ओझं आहे आणि ती ते कशी पेलते. ते टाकल्यावर मी तासभर फोन हातात धरून बायकांनी पाठवलेले जोडलेले हात मोजत होते.

आणि याहून वाईट पुढे आहे. लग्न मोडल्यावर सारिका माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, ताई, तुझ्याशिवाय फक्त कस्तुराबाईंना माहीत होतं, त्यांचंच काम. माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात राहत नाही. सृष्टी आठ वर्षांची असताना अंगणात पडली तेव्हा याच कस्तुराबाई कांदा घेऊन धावल्या होत्या. मी त्यांना रागावले, कांदा नको, पोरीला कुशीवर वळवा म्हणून दाखवलं. त्यानंतर प्रत्येक वेळी त्यांनी अगदी तसंच केलं. त्या बाईच्या नावावर मी माझं पाप लिहून दिलं.

मला हे सारिकाला सांगता येणार नाही. हे गेले, मूलबाळ नाही, मला त्या दोघीच आहेत. त्या दुरावल्या की मी कुणाची? तुम्हाला सांगितलं हे पुरणार नाही का? रोज तीनदाच्या जागी सहादा उभी राहते. उपास धरते. तुमच्या रीतीत याला दुसरी काही वाट असेलच. नीट शोधून कळवा.

इंदिरा

*

कामशेत,
१९ सप्टेंबर, शुक्रवार

वहिनी,

दिवस मावळायच्या आत लिहितोय, मावळल्यावर आमच्यात शब्बाथ लागतो, मंग काम बंद.

मला ठाव न्हवतं. देवाशपथ न्हवतं. मला वाटलं कोन तरी तोंडाळ बाई हाय आन् तिला एकदा झाडावी. जरा मजा बी आली लिहिताना. म्हंजे परत त्येच केलं मी. तुमच्या पत्रात बाई दिसत हुती आन् मला दिसली न्हाई. माफ करा. लाज वाटली मला.

दुसरी वाट न्हाई, वहिनी. लय शोधली असती तुमच्यासाठी, पर न्हाई. मी माझ्यासाठी नऊ वरीस शोधत हुतो.

सहा येळा उभं ऱ्हाऊ नका. एकदा बी उभं ऱ्हाऊ नका. प्रार्थना बंद ठिवा आन् आंबीला जा. पयलं कस्तुराबाईकडं, मंग बहिनीकडं. असं न्हाई म्हनायचं की चांगल्या मनानं केलं. केलं म्हनायचं आन् गप ऱ्हायचं. माफी मिळंल म्हनून जाऊ नका, न मिळायची तयारी ठिवून जा. तुमी कुनाच्या, ते नंतर बघू. सरू हाय, मी हाय, माझं ओरडनं हाय.

सरू म्हंती मी सोबत येते, तळेगावला भेटू, उतरल्यावर फोन करा. पर घरात तुमी एकट्यांनीच जायाचं. ती बाहेर थांबंल.

माझ्या हातात असतं तर मी त्या मेव्हन्याकडं रांगत गेलो असतो. तुमची मानसं जित्ती हायेत, वहिनी.

सोपान

*

लोणावळा,
२९ सप्टेंबर

सोपानभाऊजी,

जाऊन आले. शुक्रवारी. सरूला मी मुद्दाम कळवलं नाही, तिच्यासमोर रिक्षातच माझं अवसान गळालं असतं. तिला सांगा, रागावू नको.

कस्तुराबाई ओट्यावर घेवड्याच्या शेंगा निवडत होत्या. मला बघून शिस्टर या म्हणाल्या, पाट सरकवला. मी पाटावर बसले नाही, खाली बसले, आणि सगळं सांगितलं. चांगल्या मनाने म्हणाले नाही. तोंडापर्यंत दोनदा आलं, गिळलं. त्यांचे हात शेंगांवर चालूच होते. मला वाटलं त्यांना नीट कळलं नाही, म्हणून फोनवर कसं टाकलं, कसं पुढे गेलं ते पुन्हा सांगायला लागले. तर म्हणाल्या, कळलं मला. आणि मग एकच विचारलं.

"ताट घिऊन आले तवा तुमी आत हुता?"

मी हो म्हटलं.

"मला वाटलं, शिस्टर आत असत्या तर माझ्या बाजूनं बोलल्या असत्या."

भाऊजी, मला कुणी तोंडात मारली असती तर बरं झालं असतं. मी त्यांच्या पायाला हात लावायला गेले, त्यांनी पाय मागे घेतले. माफीबिफी मला कळत नाही म्हणाल्या, तीन महिने माझ्या अंगणात पोरगी आली नाही तेवढं मला कळतंय. मग शेंगांचं सूप उचलून घरात ठेवलं, पदर नीट केला आणि म्हणाल्या, चला सारीकडं. एकट्यांनी जायचं तुम्ही सांगितलं होतं, पण त्या पुढे चालायला लागल्या, मी काय करणार.

सारिकाने दार उघडलं. दोघींना एकत्र बघून तिच्या चेहऱ्यावरच कळलं की तिला कळलंय. तरी मी बोलले. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून बोलले. तिने मला अडवलं नाही, ओरडली नाही. संपल्यावर तिने कस्तुराबाईंचा हात धरला, त्यांना आत घेतलं आणि खाटेवर बसवून त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडली. मी दारातच. थोड्या वेळाने बाहेर आली आणि म्हणाली, "ताई, आता तू जा." मी पायऱ्या उतरल्यावर मागून म्हणाली, ज्या ग्रुपवर टाकलंस त्याच ग्रुपवर तुझ्या नावानिशी टाक की हे तू केलंस. सृष्टीचं पुन्हा एक अक्षर काढायचं नाही, फक्त तुझं. सृष्टी घरातच होती. तिच्या खोलीचं दार उघडलं नाही.

शनिवारी मी टाकलं. इंदिराने प्रार्थनेच्या नावाखाली एका मुलीची गोष्ट तुमच्यासमोर उघडी केली, त्याने तिचं नुकसान झालं, आणि त्याचा आळ दुसऱ्या बाईवर येऊ दिला. यात तुम्हा कुणाचा दोष नाही, माझा आहे. माझा घसाही बसलेला नव्हता. एवढंच. तासाभरात एकही हात जोडलेला नव्हता. संध्याकाळी पाळकबाईंचा फोन आला की असं सगळ्यांसमोर कशाला लिहिलंत, आपल्या बैठकीचं नाव जातं. रविवारी चर्चमध्ये माझ्या बाकावर मी एकटी होते. ज्येष्ठमध देणारी तेवढी येऊन बसली. तिच्याकडे मान वर करून बघायची मला ताकद झाली नाही.

मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. नाही वाटत. आधी माझी लाज फक्त मला ठाऊक होती, आता ती बाजारात भाजी घ्यायला माझ्याबरोबर येते. तरी काल संध्याकाळी पश्चिमेला उभी राहिले. आरशावरचा टॉवेल काढला होता. सृष्टीचं नाव घेतलं आणि गप राहायला गेले, पण जमलं नाही, पुन्हा मागायलाच लागले. तिला चांगलं स्थळ दे, तिच्या फिट्स कायमच्या जाऊ देत. एवढं मात्र खरं की शब्द आले. जूनपासून पहिल्यांदा आले, आणि मी बराच वेळ उभी होते.

सृष्टीला मी चिठ्ठी लिहून टाकलीय. झालं ते सगळं लिहिलं, आणि तुमच्याकडून शिकून आता दिवसातून तीनदा तिच्यासाठी उभी राहते असंही लिहिलं. गुरुवारी उपास धरणार आहे. तुमच्या मंडळीत बसायला येऊ का?

इंदिरा

*

आंबी,
३ ऑक्टोबर २०२५

मावशी,

तुझी चिठ्ठी मिळाली. आई फाडायला निघाली होती, मी मागून घेतली. काल दसऱ्याला कस्तुराआजी सोनं द्यायला आल्या. आईने घेतलं, त्यांना जेवायला बसवलं. आजीने तुझं विचारलं. आईने त्यांच्या पानात आणखी भात वाढला.

तुला एक माहीत नाही ते सांगते. विहंगला मी पहिल्या भेटीतच सगळं सांगितलं होतं. कोणती गोळी घेते, शेवटची फिट कधी आली, सगळं. तो म्हणाला, आईला मी सांगतो, थोडा वेळ दे, गणपती होऊ देत. त्याने सांगायच्या आधी तिला फॉरवर्ड मिळाला. तुझ्या मेसेजमध्ये होतं की मुलाकडच्यांना कल्पना नाही. तुला ते कुणी सांगितलं? मला तर तू विचारलं नव्हतंस. त्याची आई मला म्हणाली, आजाराचं एक वेळ चाललं असतं, पण आमच्या सुनेचं आम्हाला गावाने सांगावं का. त्यानंतर विहंग माझ्या बाजूने उभा राहिला नाही. तो त्याचा प्रश्न, तो मी तुझ्या डोक्यावर टाकत नाही.

माझ्या कंपनीतही पोचलंय. लाइनवरच्या मुली आता मला जिन्यावरून एकटीला उतरू देत नाहीत. अगदी प्रेमाने हात धरतात. त्यांना नको म्हणताना मला स्वतःचीच लाज वाटते. तीन वर्षं मी त्याच जिन्यावरून धावत जात होते. कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, एवढं एकच माझ्या हातात होतं, मावशी.

तू लिहिलंयस की आता तू दिवसातून तीनदा उभी राहून माझ्यासाठी प्रार्थना करतेस. काय मागतेस गं? चांगलं स्थळ? फिट्स कायमच्या जाव्यात? मी यातलं काहीच तुझ्याकडे मागितलेलं नाही. मी लहान होते तेव्हा शुद्धीवर आले की आधी तुझा चेहरा दिसायचा. तू विचारायचीस, काय हवंय बाळा? मी पाणी म्हणायचे आणि तू पाणी द्यायचीस. तेव्हा तू माझ्या तोंडाकडे बघून थांबायचीस, मी बोलेपर्यंत. देवाशी बोलताना मात्र मला एकदाही विचारलं नाहीस.

सध्या माझ्यासाठी काही मागू नकोस. मला काही हवं झालं तर मी सांगेन.

सृष्टी